पहिल्याचं काय झालं

संगणकाच्या पडद्यावरचं वर्तुळ अगदी लहान, हिरव्या रेघेचं, आणि त्याच्या आत एक हा आकडा, किंचित डावीकडे सरकलेला, कारण नकाशावर आकडे टाकणारी ही स्क्रिप्ट मुळात ज्याने कुणी लिहिली त्याला आकडा मधोमध बसवायचं सुचलं नव्हतं. निर्मलाला ते इतके दिवस खटकायचं. आज ती त्याच्याकडे नुसती बघत बसली होती. माउसचा बाण त्याच्यावर नेला की वर्तुळ उजळायचं, काढला की विझायचं. एवढाच उद्योग मघापासून चालला होता. नारायणगावच्या त्या प्लॉटांचे नकाशे काढणाऱ्या माडीवरच्या ऑफिसात खालून टोमॅटोच्या क्रेटांची आदळआपट ऐकू येत होती, आणि कुंडलिक सर फोनवर कुणाला तरी नकाशा तयारच आहे म्हणून छातीठोकपणे सांगत होते. तयार काहीएक नव्हतं.

"निर्मला मॅडम," फोन ठेवून ते म्हणाले, "पिंपळवंडीचा एक नंबरचा प्लॉट गेला. रस्ता रुंद होतोय, त्यात. तेवढा काढून टाका आन् बाकीचे नंबर वर घ्या."

"दोनपासून सुरू केलं तर नाही चालणार, सर?"

"आसं कसं? एक नंबरच न्हाई म्हटल्यावर गिऱ्हाईक इचारणार की, पहिल्याचं काय झालं? उगं शंका. आन् हातानं बदलत बसू नका. त्या स्क्रिप्टमधीच कायतरी करा. प्लॉट उडाला की पुढचे आपोआप सरकले पायजेत."

मागणी रास्त होती, त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. जुनी स्क्रिप्ट तशी मठ्ठच. प्लॉटवर क्लिक केलं की पुढचा आकडा टाकायचा, एवढीच तिची अक्कल. मधला एखादा पुसला तर ती जागा तशीच मोकळी राहायची, तीनच्या पुढे एकदम पाच. निर्मलाला तिचा तो मठ्ठपणा आवडायचा. निदान कुणी तरी गेलेलं होतं हे त्या नकाशात दिसायचं तरी...

आता सगळी वर्तुळं गोळा करायची, त्यांच्या आकड्यांची रांग लावायची आणि पहिल्यापासून नव्याने आकडे वाटत जायचं. काम अवघड नव्हतं. तिने टायपायला सुरुवात केली आणि पोटात बाळाने लाथ मारली. तिने एक हात तिथे ठेवला, दुसऱ्याने टायपत राहिली. सातवा सरत आला होता. रविवारी डोहाळजेवण — हिरवी साडी, फुलांचे दागिने, मांडव, आणि सगळी भावकी. पण डोहाळजेवण पहिलटकरणीचं करतात. दुसऱ्या खेपेला कुणी करत नाही. आणि निर्मलाचं एकदा झालेलं होतं, येडगावच्या त्याच अंगणात, त्याच जावांनी गाणी म्हटली होती, आणि झाकलेल्या दोन वाट्यांतली जी तिने उचलली तिच्यात बर्फी निघाली होती, तेव्हा सगळ्याजणी ओरडल्या होत्या, मुलगी, मुलगी!

मुलगीच झाली. आणि बारशाआधी गेली.

बारसं झालं नाही म्हणून नाव नाही. दवाखान्यात मनगटाला पट्टी होती, तिच्यावर आईचंच नाव. पुरुषमाणसं तिला दुपट्यात गुंडाळून धरणाच्या काठाला घेऊन गेली. आईने जायचं नसतं म्हणून निर्मला गेली नाही, आणि पुढे तिने नवऱ्याला कितीदा विचारलं, गोरख, जागा दाखव ना, तर गोरख दरवेळी म्हणायचा, आता पाणी चढलंय गं, उतरलं की जाऊ. पाणी उतरलं, पुन्हा चढलं. तो काही नेत नाही आणि तीही आता विचारत नाही. म्हणजे नाव नाही, जागा नाही. फोटो काढायचा नसतो म्हणे तान्ह्याचा, दृष्ट लागते, म्हणून फोटोही नाही. तिची अशी एकच गोष्ट उरली होती, ती पहिली होती. माझी पहिली. मनातल्या मनात मी तिला दुसऱ्या कशाने हाक मारणार?

आणि आता घराने ठरवलं होतं की ही पहिली खेप. सासूनेच, तुकाबाईनेच, ठरवलं. निर्मला तिला आत्या म्हणायची. "आवंदा समदं पहिल्यासारखं करायचं," आत्या म्हणाल्या होत्या, "जुनं काय काढायचं न्हाय." जावांनी माना डोलावल्या. गोरख म्हणाला, आईचं मन राहू दे. निर्मलाने तोंडातून अवाक्षर काढलं नाही, आणि तेव्हापासून तिला स्वतःचाच संताप येत होता.

स्क्रिप्ट झाली. नकाशाची एक प्रत काढून तिने तिच्यावर चालवून पाहिली. एकचा प्लॉट निवडला, पुसला, एंटर दाबलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग सगळे आकडे एकदम बदलले, आणि दोन होतं तिथे एक आला. तिने या वेळी आकडा बरोबर मध्यावर धरला होता. अगदी सुबक दिसत होता. तिथे कधी दुसरं काही होतं असं कुणालाही वाटलं नसतं, आणि हे आपणच इतक्या नीटनेटकेपणाने करून ठेवलं या विचाराने तिला एकदम रडू आलं. तिने तोंड खिडकीकडे वळवलं.

मग तिने स्क्रिप्टमध्ये आणखी एक ओळ घातली. आकडे सरकवण्याआधी खाली प्रश्न यायचा: गेलेल्याची जागा मोकळी ठेवायची? हो किंवा नाही.

कुंडलिक सरांनी स्वतः बसून दोनदा चालवून पाहिली. "झकास. पन ह्यो प्रश्न कशाला इचारतंय दरवेळी? तेवढा काढा."

"काढते, सर," ती म्हणाली, आणि त्यांची पाठ वळल्यावरही तिने तो काढला नाही.

तेवढ्यात फोन वाजला. आत्या.

"जेवलीस का? बरं ऐक, फुलवाला इचारतोय, बाजूबंद दंडाला केवढा करायचा? मागल्या वेळचं माप —" आणि बोलता बोलता आत्या थांबल्या, कारण मागची वेळ त्यांच्याच तोंडून निघाली होती.

"आत्या," निर्मला म्हणाली, आवाज तिला वाटलं त्यापेक्षा मोठा निघाला, "ही माझी दुसरी खेप आहे. मला नाही करायचं ते रविवारचं. एक होऊन गेलेली आहे."

पलीकडे कुठे तरी मेंढरू ओरडलं. आता बोलणी बसणार म्हणून निर्मलाने तयारी केली, उत्तरंसुद्धा जुळवली. भांडायला तिला आज हवंच होतं कुणी तरी.

"मला ठावं न्हाई का, बाय?" आत्या हळू म्हणाल्या. "गोरख माजा थोरला न्हाई. त्याच्या आदी एक झाला व्हता. बोरीला, माह्यारी. बारशाआदीच गेला, तुज्या पोरीसारखाच. गोरखला बी म्हाईत न्हाई."

"आत्या..."

"लई दीस त्याचं तोंड माज्या डोळ्यांम्होरं व्हतं. भाकरी थापताना, मेंढरांमागं. मंग कवा गेलं ते कळलं बी न्हाई. आता थोरला म्हटलं की माज्या बी मनात गोरखच येतो." त्या थांबल्या. "म्हून म्हनलं, ज्ये इसरनं हुनारच हाय ते लवकर झालं म्हंजी तरास कमी. तुला नगं आसंल तर नाय करत. मी सांगते समद्यांना. तू ये घरी, अंधार पडायच्या आत ये, उसातनं बिबट्या वाघाचं भ्या हाय."

फोन बंद झाला. निर्मला तो हातात धरून बसली. जिंकली होती ती खरं म्हणजे, पण भांडायला समोर कुणीच उरलं नव्हतं, आणि राग जिथे होता तिथे आता नुसती भीती होती. कुणी काही हिसकावून घेणार नव्हतं. आत्यांच्या पोराला कुणी पुसलं नव्हतं. तो त्यांच्याच मनातून, त्यांना न विचारता, एक दिवस सरकून गेला होता.

तिने डोळे मिटले आणि घाईघाईने आठवायला लागली. केस — काळेभोर, कपाळावर चिकटलेले. भुवया जवळजवळ नव्हत्याच. डावा कान मुडपलेला, तो ती बोटाने सरळ करायची. वरच्या ओठावर दूध पिऊन आलेला पांढरा फोड. सगळं होतं, सगळं जागेवर होतं, तिचा श्वास थोडा मोकळा झाला, आणि हनुवटी... गोल, मध्ये बारीकशी खळी. ती तिथेच अडली. पुन्हा केसांपासून सुरुवात केली, पुन्हा हनुवटीपाशी आली. ती खळी खरंच तिची होती, की येणाऱ्या बाळाचं तोंड कसं असेल म्हणून आपण हल्ली मनात रंगवतो त्याची, हे तिला काही केल्या सांगता येईना.