पाठीतला ब्रेक

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की आतली माणसं आधी सगळी बटणं दाबतात, मग एकमेकांकडे बघतात, आणि मग कधी नव्हे ते एकमेकांना नाव विचारतात.

*

आईच्या बुटांच्या प्रत्येक जोडीत उजवा बूट आधी झिजतो. डावा अजून दुकानातून आणल्यासारखा, आणि उजव्याचा तळ गुळगुळीत.

*

माझ्या नव्या खोलीला एक खिडकी आहे. तिच्यातून समोरच्या इमारतीतला एक माणूस दिसतो. तो रोज सकाळी कुंड्यांना पाणी घालतो. झाडं प्लास्टिकची आहेत असा मला दाट संशय आहे.

*

"नाक कुणाचं आहे?"

"अजून ठरलं नाही. सध्या बटाट्याचं आहे."

*

परीक्षक गाडीतून उतरला, दार लावलं, पुन्हा उघडलं आणि आत वाकून म्हणाला, "काका, या वेळी झालं बरं का."

*

हे सगळं एकाच पानगळीतलं. सांगते नीट.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. शहरातल्या जुन्या इमारतींमध्ये त्यांना न ओळखणारा रखवालदार नव्हता. त्यांच्या खिशात कायम तेलकट फडकं असायचं, आणि बोलताना हात नकळत वर-खाली व्हायचे. या पानगळीत ते निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी बोलायला उभं केलं तेव्हा म्हणाले, "आयुष्यभर वर गेलो आणि खाली आलो. आता जरा पुढे जाऊन बघतो."

सगळे हसले. आई हसली नाही, कारण पुढे म्हणजे कशाने, हे तिला माहीत होतं.

आई गाडी शिकवते. टपावर पाटी असलेली तिची पांढरी गाडी अख्ख्या गावाने चालवली आहे. त्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक आहेत. शिकणारा गडबडला की आई नुसतं "हं" म्हणते आणि गाडी थांबते. तिच्या हाताखालून गेलेली मोठमोठी माणसं अजूनही रस्त्यात कुणी "हं" म्हटलं की जागच्या जागी उभी राहतात. पानगळ हा तिचा घाईचा मोसम. सुट्ट्यांच्या आत सगळ्यांना लायसन्स हवं असतं. त्या दिवसांत ती उभ्याउभ्या जेवते आणि झोपेतही पाय दाबते, असं बाबा सांगतात.

तिचा सर्वात जुना विद्यार्थी म्हणजे बाबा. ते किती वेळा नापास झाले तो आकडा आमच्या घरात कुणी उच्चारत नाही. अडायचे एकाच ठिकाणी: चढावर गाडी थांबवायची आणि मागे न घसरता पुन्हा पुढे काढायची. आई शेजारी असली की गाडी तसूभरही मागे यायची नाही. परीक्षक शेजारी असला की गाडी घसरत थेट मागच्या फूटपाथला टेकायची. याचं कारण सगळ्यांना माहीत होतं. परीक्षक आपले पाय पोटाशी घेऊन बसायचा, आणि आई बसायची नाही.

मग या पानगळीत ते पास झाले.

"चढ कसा गेला?" मी फोनवर विचारलं.

"गेला."

"म्हणजे?"

"चढावर रस्ता खणून ठेवलाय. त्यामुळे परीक्षकाने चढ घेतलाच नाही. सपाटीवरून फिरवून आणलं आणि दिलं हातात."

"बाबा, लायसन्स ते लायसन्स."

"हो ना," ते म्हणाले. शर्टाचा डाग लपवून लग्नाला आलेल्या माणसासारखा तो आवाज होता.

*

दादा-वहिनीला मुलगी झाली. बटाट्याचं नाक तिचंच. ते राहतात घाटापलीकडे. मला नवी नोकरी लागली होती, नवी खोली मिळाली होती, पडदे लावायचे राहिले होते, पण सुट्टी लागली तशी मी बॅग भरून घरी आले. बाबा जेवणाच्या टेबलाशी नकाशा पसरून बसले होते. त्यांच्या फोनमध्ये नकाशा आहे, तरीही.

"गाडी मी चालवणार," ते म्हणाले. "इथून दारापर्यंत. पूर्ण घाट मी. तुझ्या आईने पाय लावायचा नाही."

"मी कशाला लावतेय," आई भांडी पुसत म्हणाली.

"तू शेजारी बसलीस की तुझा पाय आपोआप जातो. म्हणून तू मागे. शेजारी ही."

ही म्हणजे मी. मी परीक्षेत पहिल्याच फटक्यात पास झाले होते आणि त्यानंतर गाडीला हातही लावला नव्हता, त्यामुळे माझी भीती कुणालाच नव्हती.

"चालेल," आई म्हणाली. "पण लवकर निघू. पायथ्याच्या चहावाल्याकडे नाश्त्याच्या वेळेला पोचलो पाहिजे."

*

गावाबाहेर पडेपर्यंत मागच्या सीटवरून आलेला मजकूर:

आरसा. सायकल. सायकल गेली. तो वळणार आहे, त्याने हात दाखवला नाही तरी वळणार आहे, त्याचं तोंड बघा. कुत्रं. मी काही बोलत नाहीये. हॉर्न नको, म्हातारे आहेत. अहो, दुसरा. दुसरा गिअर म्हणतेय मी. आता बोलतच नाही. खड्डा.

*

गावाबाहेर ती खरंच गप्प झाली आणि बाबा खुलले. गाडी झकास चालली होती. ट्रॅक्टर आडवा आला, बाबा बेताने थांबले. फाटकापाशी थांबले. एक टेम्पो एकदम रस्त्यावर आला तेव्हा तर इतके अलगद थांबले की माझ्या मांडीवरचा थर्मासही हलला नाही.

"बघितलंस," ते मला म्हणाले. "जमतंय की मला."

"बाबा, तुम्ही तर छुपे रुस्तम निघालात."

आई खिडकीतून बाहेर बघत होती. दुतर्फा झाडं पिवळी झाली होती आणि पानं काचेवर येऊन चिकटत होती.

*

पायथ्याशी चहावाल्याचं पत्र्याचं छप्पर, चार बाकडी आणि पुढे बस थांबायची जागा. बाबा उतरले आणि कमरेवर हात देऊन मागे वाकले.

"पाठ धरली?" मी विचारलं.

"हो गं. इथे." त्यांनी पाठीवर एक जागा दाखवली. "अगदी एवढीच."

मी गाडीतून बिस्किटं काढायला गेले आणि बाबांच्या सीटची मागची बाजू दिसली. करड्या कापडावर बुटाचा ठसा होता. एकावर एक असे बरेच ठसे, सगळे उजव्या पायाचे, सगळे एकाच जागी.

मी मूग गिळून दार लावायला हवं होतं. पण मला हसू फुटलं, आणि बाबा काय आहे ते बघायला आले.

त्यांनी ठसा पाहिला. त्यावर तळहात ठेवला. मग स्वतःच्या पाठीमागे हात नेऊन ती जागा चाचपली. तक्रार आलेल्या लिफ्टच्या दारात उभे राहून ते असंच काहीतरी जुळवत असणार.

चहा आला. कुणी उचलला नाही.

"त्या टेम्पोपाशी," ते म्हणाले, "मी थांबलो का तू थांबवलंस?"

"थांबली ना गाडी?"

"ते नाही विचारलं."

"अहो, मागे ब्रेक नसतो. पाय जातो माझा. तो काही मी मुद्दाम—"

"तुझा पाय लागला की माझा पाय दाबला जातो. तुला ठाऊक आहे का हे? मला आत्ता कळलं. मी डोळ्यांनी नाही, पाठीने गाडी चालवतोय."

"काही का असेना, नीट तर आलो," मी म्हणाले. दोघांनीही माझ्याकडे पाहिलं नाही.

बाबांनी थंड होत आलेल्या चहाचा कप फिरवला. "हे बघ, त्या लायसन्सवर माझा फोटो आहे. पण चढ मी चढलेलोच नाही. कुणी विचारलं तर मला माहिती आहे, आणि मला माहिती असणं पुरेसं आहे. मला नातीकडे जायचंय. मला कुणी पोचवलेलं नकोय."

शेजारच्या बाकड्यावरचा माणूस वर्तमानपत्र खाली करून ऐकायला लागला होता.

"मग काय करू मी?" आई म्हणाली. "टपावर बसू?"

"बसने ये."

गेल्या कित्येक वर्षांत बाबांनी आईला असं काही सांगितल्याचं मला आठवत नाही. आता चहाच्या कपांची खैर नाही, असं समजून मी माझा उचलून घेतला.

आईने चष्मा पुसला. पर्स खांद्याला अडकवली. "बरं," ती म्हणाली. बस समोरच येऊन उभी राहिली होती. ती गेली आणि चढली. सुट्टीच्या गर्दीने बस तुडुंब भरलेली, तरी ती थेट ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीशी जाऊन बसली. जाताना शेजारच्या माणसाचं वर्तमानपत्र तिने मागून घेतलं होतं.

"रागावली," बाबा म्हणाले.

"तुम्ही आधी चहा संपवा."

"नको. पोटात जागा नाही, भीती बसलीय."

*

घाटाच्या तोंडाशी ते म्हणाले, "पाय वर."

"कुणाचे?"

"तुझे. मांडी घाल."

मी आईच्या क्लच-ब्रेकपासून पाय काढून मांडी घातली. पहिली वळणं बरी गेली. बाबा ओठ आवळून चालवत होते. एकदा त्यांनी गिअर चुकवला आणि गाडी खोकल्यासारखी करून बंद पडली. पुन्हा सुरू केली. एकदा ब्रेक इतका जोरात दाबला की थर्मासचं झाकण उडालं आणि कॉफी माझ्या गुडघ्यावर आली. मला बरं वाटलं. हे सगळं त्यांचं स्वतःचं होतं.

आणि मग अर्ध्या चढावर, ऐन वळणाच्या आधी, लाल झेंडा.

दरड साफ करणारी माणसं होती. झेंडेवाल्याने हात वर केला. बाबा थांबले. पुढे एकही गाडी नाही, समोर उभा चढ. त्यांनी हँडब्रेक ओढला आणि हात तसाच त्यावर ठेवला.

मागून घरघर आली. आरशात आधी पाटी दिसली, मग काच. आमची बस. तिने पायथ्याला आणखी माणसं भरली होती आणि आता येऊन आमच्या शेपटाला चिकटली होती. पुढच्या काचेत ड्रायव्हर, आणि त्याच्या खांद्यामागे आई.

"घसरलो तर तिच्यावरच जातोय," बाबा म्हणाले.

"आरसा वळवू का?"

"नको. आरशात बघायचं असतं. तिनेच शिकवलंय." त्यांनी पाहिलं. "काय करतेय ती?"

मी मान वळवून पाहिलं. आईने वर्तमानपत्र उघडून तोंडासमोर धरलं होतं. वर तिचे केस आणि कडेला बोटं, एवढंच दिसत होतं.

"पेपर वाचतेय."

"पेपर?"

"पान मोठं आहे. आत तोंड गेलंय."

बाबांच्या मानेवर घाम आला होता. झेंडेवाला कानात काडी घालत उभा होता. बसच्या ड्रायव्हरने उगाच एकदा हॉर्न दिला आणि मला त्याचा गळा धरावासा वाटला.

"लिफ्टचं कसं असतं माहितीये," बाबा हळू आवाजात म्हणाले. "माणसं एका बाजूला, वजन दुसऱ्या बाजूला. ब्रेक सोडायच्या आधी दोन्ही तोलायला लागतात. तोललं की दोरात एक थरथर येते. ती आली की सोडायचा. आधी सोडला तर लिफ्ट पडलीच."

"मग?"

"मग काही नाही. आठवलं."

हिरवा झेंडा.

त्यांनी क्लच हळूहळू वर घेतला. मी पाय आणखी आवळून घेतले, हातांनी धरून. गाडीचं नाक जरासं उचललं. बॉनेटवरचं पान थरथरायला लागलं.

"आली," बाबा म्हणाले आणि हँडब्रेक सोडला.

गाडी पुढे गेली. आणखी काहीच झालं नाही. ती पुढे गेली, वळण आलं, त्यांनी वळवली, आणि दरी आमच्या बाजूने दुसऱ्या बाजूला गेली.

मग बाबा म्हणाले, "मांडी मोड आता. मुंग्या आल्या असतील."

*

दादा बाळाला घेऊन फाटकात उभा होता. बाबांनी गाडी फूटपाथला तिरकी लावली, उतरून पाहिली, आणि तशीच राहू दिली. त्यांनी हात धुतले, पुन्हा धुतले, आणि मग नातीला घेतलं.

"कोण आलंय?" वहिनी बाळाला म्हणाली. "आजोबा आले. गाडी चालवत आले."

"आई कुठाय?" दादाने मला विचारलं.

"बसने येतेय."

"का?"

"मोठी गोष्ट आहे. आधी मला पँट बदलू दे, कॉफी सांडलीय."

आई रिक्षाने आली. बाळाला बघितलं, बटाट्याच्या नाकावरून बोट फिरवलं, मग बाबांशेजारी बसली. दोघं थोडा वेळ बाळाकडेच बघत राहिले.

"कशी आली गाडी?" तिने विचारलं.

"आली."

"घाटात फार वेळ थांबवलं म्हणे कुणाकुणाला."

"तू मागेच होतीस."

"मी पेपर वाचत होते."

"काय होतं पेपरात?"

आईने जरा आठवून पाहिलं. "काही विशेष नाही," ती म्हणाली. "द्या इकडे तिला. मान धरा. मानेखाली हात. हं."

बाबांचा हात जागच्या जागी थांबला. मग ते हसले आणि त्यांनी बाळ दिलं नाही.

*

त्या बसचं पायथ्यापासूनचं तिकीट, ड्रायव्हरच्या मागच्या सीटचं, आईने आदल्या आठवड्यातच काढून ठेवलं होतं.