टाचेवरचा डाग

कोंडाजी तळा गावाहून माणगावला टपालाची थैली धावत पोचवायचा. सकाळी उठल्यावर त्याची टाच भुईला टेकत नसे. भिंत धरून जरा चालल्यावर मग कुठे पाय मोकळा व्हायचा. हा रोग आपल्या रक्तातून पोरांत उतरणार, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

म्हणून थोरला दादू लंगडू लागला, तेव्हा त्यानं विळ्याचं टोक चुलीत लाल करून पोराच्या टाचेवर डाग दिला. जखम चिघळली. दादू सबंध पावसाळा अंथरुणाला खिळला. उठला तेव्हा टाचेचं जुनं दुखणं गेलं होतं. इतके दिवस पाय टेकलाच नाही तर दुखेल कशानं, असं त्याच्या आईला, मनुबाईला, वाटलं. पण नवऱ्यापुढे बोलायची छाती झाली नाही. डागाचा गुण आला, असं गाव म्हणालं. कातडं आखडून पोराचं पाऊल जन्माचं वाकडं झालं, ते मेल्यांना दिसलं नाही.

यंदा माघात धाकटी कोकिळा टाच उचलून चालू लागली. कोंडाजीनं विळा चुलीत सारला.

"अवं, थोडं दिस बसू द्या तिला," मनुबाई कशीबशी म्हणाली.

"बसून रोग जातो व्हय? दादूचा डागानंच गेला ना?"

दादूनं वाकडं पाऊल पोटाशी ओढून घेतलं.

ते बघून कोकिळा उठली. दोन्ही टाचा भुईवर पुरत्या टेकवत ती अंगणभर चालली, मग धावली.

"दुखत न्हाय, बा," ओठ दाताखालून सोडवून ती म्हणाली.

कोंडाजीनं विळा बाहेर काढला.

"बघ," तो बायकोला म्हणाला, "हिचा तर नुसत्या धाकानं गेला."