शनिवारची आग

मित्रांनो, मला तोंड आहे, पण आता त्याला लोखंडी जाळी बसवली आहे. मी जर्मनीतल्या सॅक्सनीच्या डोंगरातली एक जुनी खाण. माणसांनी छिन्नी-हातोड्याने घाव घालूनच मला जन्म दिला. माझ्यातून त्यांनी शिसं काढलं, चांदी काढली. गावच्या देवळातला पवित्र प्याला माझ्याच चांदीचा, याचा मला फार अभिमान होता.

छिन्नी जिथे हरे, तिथे आग लावत, म्हणजे तापलेला कातळ तडकून सुटे. शनिवारी कातळाला लाकडं रचून सगळे शिड्यांनी वर जात आणि माझ्या तोंडाशीच असलेल्या प्रार्थनाघरात भजन म्हणत. भजनात सगळे आवाज लागले, म्हणजे खाली कुणी उरलं नाही. हीच त्यांची हजेरी. मगच योब्स्ट नावाचा खाणकरी खाली उतरून आग पेटवी. ते सूर झिरपत माझ्यापर्यंत आले, की माझ्या काळोखालाही हात जोडावेसे वाटत.

योब्स्टच्या बहिणीचा, ओटिलीचा, नवरा किलियन. त्याचा आवाज सगळ्यांत खर्जाचा; भजनातली खर्जाची ओळ तो एकटाच गाई. एका शनिवारी लाकडं रचताना योब्स्टने त्याला डिवचलं, "दाजी, तुम्ही गायलात की गावच्या शेळ्या आटतात म्हणे!"

"आणि तू गायलास की पाद्रीबुवा प्रवचन आवरतं घेतात!"

सगळे हसले. योब्स्टला ते झोंबलं. थट्टेवरून गोष्ट गुद्द्यांवर आली. किलियनने त्याचं नाक फोडलं. योब्स्टने त्याचा दिवा हिसकावून खालच्या भुयारात भिरकावला. "शोधा आता!"

किलियन चाचपडत खाली उतरला. योब्स्ट भिंतीकडे तोंड करून रक्त पुसत बसला. शिड्यांवर पावलं वाजली. त्याला वाटलं, दाजीही गेले. त्यांच्या शेजारी उभं राहून भजन? छे! त्याने भजनाआधीच लाकडं पेटवली आणि वर निघाला.

वर भजन सुरू झालं. खर्जाची ओळ आली, आणि तिथे नुसता खड्डा पडला. ओटिली ओरडली, "थांबा! आमचे हे कुठं आहेत?"

तेवढ्यात योब्स्ट बाहेर आला. "दाजी वर नाही आले?"

"दादा, भजन व्हायच्या आधी पेटवलंस?"

योब्स्टने ओलं फडकं तोंडाला बांधलं. "बादलीचा रहाट धर, ओटिली. दोराला हिसका बसला की ओढ."

खाली कातळ बंदुकीसारखा फुटत होता. कपच्यांनी योब्स्टचे हात सोलून निघाले. विषारी धुरात काही दिसेना. पण कुणीतरी घोगऱ्या आवाजात तीच ओळ गात होतं. त्या आवाजामागे जाऊन त्याने किलियनला ओढत आणलं आणि दगड उपसायच्या बादलीत कोंबलं.

"आधी तू बस, मेव्हण्या."

"गप बसा, दाजी. गाऊन गाऊन दम गेलाय तुमचा."

त्याने हिसका दिला. बादली वर गेली, आणि माझं तापलेलं छत सुटलं. मित्रांनो, मला ते आवरता आलं नाही. योब्स्ट अजून माझ्यापाशीच आहे.

धुराने किलियनचा गळा जळला. तो पुन्हा गायला नाही. पण दर शनिवारी तो आपल्या जागी उभा राही, आणि ती ओळ आली की सगळं गाव श्वासभर गप्प होई.

पुढे चांदी सरली, माणसं गेली. आता तुम्ही सहलीला येता आणि जाळीतून खडे टाकता. टाकू नका रे, खाली योब्स्ट आहे. आणि निघण्याआधी एकमेकांचे आवाज ऐका. कुणी रुसून मागे राहिलं असेल, तर आधी त्याला हाक मारा.