तुळईची दुसरी बाजू

लाम्पोन म्हाताऱ्याला अख्खं अथेन्स ओळखत होतं, पण डोळे अधू झाल्यापासून तो मात्र कुणालाच धड ओळखत नव्हता. आयुष्यभर त्यानं एकच काम केलं. कायदेकर्त्यानं शहराचे कायदे लाकडी तुळयांवर कोरून घेतले होते. त्या चौकटीत बसवलेल्या होत्या आणि हातानं फिरवता येत. वाचता न येणारा कुणी आला की लाम्पोन तुळई फिरवून वाचून दाखवायचा. बदल्यात कुणी ऑलिव्ह द्यायचं, कुणी सातूची भाकर. संध्याकाळी मेजवान्यांत तो त्याच कायदेकर्त्याच्या कविता म्हणायचा. लोकांनी रोज दारात येऊन 'एवढं तेवढं बदला' म्हणू नये म्हणून तो थोर माणूस कायदे करून शहरच सोडून गेला होता, याचं लाम्पोनला भारी कौतुक. घर सोडून जाणाऱ्यांचं कौतुक घरात बसणाऱ्यांना असतंच.

मुलाला, एर्गिनसलाही त्यानं दुसरं काही दिलं नाही. त्याच्याकडून कविता पाठ करून घेतल्या, अक्षरं शिकवायची मात्र राहून गेली. पोरगा कुंभारवाड्यात परक्यांच्या दारी राबून कुंभार झाला. यंदाच्या हिवाळ्यात लाम्पोनचं छप्पर कोसळलं, तेव्हा त्याच पोरानं बापाला दारातून परत पाठवलं.

"अहो, कायद्याचे पोपट तुम्ही, आणि स्वतःच उपाशी?" शेजारीण म्यर्तो म्हणाली. "मुलानं बापाला पोसावं असा कायदा आहे ना?"

होता. त्याच्या पुढची ओळही लाम्पोनला माहीत होती. ती त्यानं म्यर्तोला सांगितली नाही. पोट रिकामं असलं की माणूस सोयीपुरतंच वाचतो.

त्यानं मुलावर फिर्याद केली. सुनावणी तुळयांपाशीच झाली. त्या वर्षीचा न्यायाधिकारी नवखा होता. लाकडाला नाक लावून तो म्हणाला, "अक्षरं पार झिजलीत. लाम्पोन, तुला पाठ आहे, तूच वाच."

"म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!" एर्गिनस उसळला. "यानं मला काय दिलं ते विचारा. भूक लागली की कविता, थंडी वाजली की कविता! भट्टी लावायला मी परक्यांच्या लाथा खाऊन शिकलो."

लोक हसले. लाम्पोनला हसता आलं नाही, कारण पोरगा खरं बोलत होता. त्यानं लाकडावर बोट ठेवून वाचलं, "मुलानं म्हाताऱ्या बापाला पोसावं. न पोसेल त्याला सभेत बोलता येणार नाही."

"ऐकलंस? घेऊन जा घरी," अधिकारी म्हणाला.

एर्गिनसनं मान खाली घातली. वाचता न येणारा माणूस लिहिलेल्याशी भांडणार कसा? अशा खाली गेलेल्या माना लाम्पोननं जन्मभर पाहिल्या होत्या. त्यांच्यासाठीच तर तो इथं उभा राहत आला. आज त्यांत आपल्याच पोराची मान पाहून त्याला स्वतःची शरम वाटली.

"थांबा," तो म्हणाला. दोन्ही हात लावून त्यानं करकरणारी तुळई फिरवली. "पुढे आणखी आहे. ज्या बापानं मुलाला धंदा शिकवला नाही, त्याला मुलाकडे काही मागता येणार नाही."

"मग? शिकवलास का तू?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"नाही."

एर्गिनस सुटला. माणसं पांगली. लाम्पोन तिथंच पायरीवर बसला. आता जायचं कुठं, या विचारानं त्याला भीती वाटत होती.

शेजारी पावलं थांबली. "मला कळलंही नसतं, बाबा."

"नसतंच कळलं."

"मग वाचलंस कशाला?"

"परक्यांना इतकी वर्षं पुरतं वाचून दाखवलं. तुलाच तेवढं अर्धं वाचू?"

एर्गिनसनं बापाला काखेत हात घालून उठवलं.

"चल. माती मळायला माणूस हवाय मला. शिकवतो."

"या वयात?"

"मातीला डोळे लागत नाहीत, हात लागतात. आणि एक ध्यानात ठेव, धंदा मी शिकवतोय तुला. म्हणजे मी म्हातारा झालो की मला पोसायचं तू. कायदा आहे!"

लाम्पोन हसायला गेला आणि त्याला रडूच फुटलं.

"पोसेन रे," तो म्हणाला. "पोसेन."