स्वच्छ चुकलेला बाण

थेनने दात घासायच्या ब्रशचा दांडा कापला होता. चमच्याला भोकं पाडली होती, पाठपिशवीचे लोंबणारे पट्टे छाटले होते, तंबूऐवजी नुसतं एक पातळ कापड घेतलं होतं. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर तो एकेक वस्तू ठेवायचा आणि बायकोला आकडे वाचून दाखवायचा. मॅरिल म्हणायची, "आता नखंही काप. तेवढाच भार कमी!"

हे सगळं ठीकच होतं म्हणा. गाडीरस्त्यापासून अकरा मैल आत, अमेरिकेतल्या आयडाहोच्या डोंगरांत शिकारीला जायचं तर घर पाठीवर घेऊनच चढायचं असतं. पण कापता कापता हात बाणापर्यंत पोचला. थेनने हलके बाण घेतले, बावीस ग्रॅमचे. सुसाट जायचे, सरळ जायचे.

"पिशवी हलकी कर, पोट हलकं कर," लव्हारकाका म्हणाले होते. "बाण नको रे. हाडाशी गाठ पडली की तो तिथेच बसेल."

"काका, तुमचे बाण म्हणजे कुंपणाचे खुंट आहेत."

"असू देत. आरपार जातात ना?"

लव्हारकाका म्हणजे थेनच्या वडिलांचे धाकटे भाऊ. वय एकाहत्तर. त्यांच्या घराण्यात शिकारीचा एक नियम होता, तो सरकारी पुस्तकात कुठेही नाही. बाणाने रक्त काढलं की जनावर सापडो न सापडो, त्या माणसाचा त्या वर्षाचा परवाना संपला. स्वतःच्या हाताने कापून टाकायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी सातला काकांनी सूचिपर्णी फरच्या झाडांमागून शीळ घालून एल्क बोलावला. एल्क म्हणजे घोड्याएवढं सांबरच. थेन दोनशे पावलं पुढे दबा धरून होता. नर आला, चाळीस पावलांवर थांबला, किंचित वळला. थेनने बाण सोडला. लाकडावर कुऱ्हाड पडावी तसा आवाज झाला आणि नर झाडीत घुसला.

बाणाचा मागचा अर्धा भाग गवतात पडला होता. पुढचा आत राहिला होता. मोडलेल्या टोकाला रक्त होतं.

काका धापा टाकत चढून येत होते. त्यांच्या पावलांचा आवाज जवळ आला, आणि थेनने ते मोडकं कांडकं अंगरख्यात पाठीशी सारलं. का सारलं? विचार करून नाही. मन फार चपळ असतं हो. माणूस बरं-वाईट तोलायला बसेपर्यंत त्याने पाप उरकलेलंही असतं.

"लागला?"

"नाही काका. वरून गेला. स्वच्छ चुकला, ओरखडासुद्धा नाही."

"बाण?"

"सापडत नाही."

"जाऊ दे, डोंगराला दान." काकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली, नेमकी त्या कांडक्यावर. "चुकायचं तर असं चुकावं!"

जखम वरवरचीच असेल, चार दिवसांत भरेल, असं थेन सकाळभर स्वतःला सांगत राहिला. काका पलीकडच्या उतारावर शीळ घालत होते आणि तो मनातून प्रार्थना करत होता, की दुसरा नर येऊ नये.

दीड वाजता ओढ्याकाठी त्यांनी चूल मांडली. घेवड्याचं सूप झालं. काकांनी टोपी काढली, डोळे मिटले.

"हे आमच्या बापा, या अन्नाबद्दल तुझे आभार. या पोराचा बाण तू वरून नेलास, आमच्या पायी तुझं एकही लेकरू या डोंगरात तळमळत पडलं नाही, त्याबद्दल फार फार आभार..."

आमेन काकांनी एकट्यानेच म्हटलं.

"काय रे, जीभ भाजली?"

"काका, ते खोटं आहे." "तुम्ही देवाला आत्ता जे सांगितलंत ते. मी तुमच्या तोंडून खोटं वदवलं." त्याने कांडकं काढून दोघांच्या मधे ठेवलं.

काकांनी ते पाहिलं. मग सूर्य पाहिला. शिव्या दिल्या असत्या, थोबाडीत मारली असती तर थेनला हलकं वाटलं असतं.

"साडेसहा तास," काका म्हणाले. "ऊठ."

रक्त वाळून काळं पडलं होतं. पानापानावर थेंब शोधत ते गुडघ्यांवर सरकत गेले. फार लांब जावंच लागलं नाही. चारशे पावलांवर, ओल्या झुडपांत तो नर बसलेला होता. जिवंत. आसपासची माती खुरांनी उकरून निघाली होती. श्वासासरशी खांद्याजवळ लाल फेस येत होता. त्यांना पाहून त्याने मान उचलली, पण उठता आलं नाही.

थेनने आपल्या बाणाला हात घातला, तेव्हा काकांनी स्वतःचा एक जड बाण पुढे केला. थेनने तो घेतला. पंधरा पावलं. बाण आरपार जाऊन पलीकडच्या मातीत रुतला, आणि तेवढा मोठा जीव एका सुस्काऱ्यात शांत झाला.

थेनने परवाना कापला, टोपी काढून जनावराच्या मानेवर हात ठेवून बसून राहिला. काकांनी सुरी काढली. "चल, उन्हात मांस टिकायचं नाही."

मांस उत्तम निघालं. ते वाहून आणायला तीन दिवस गेले. शेवटच्या खेपेला गाडीरस्त्यावर दोन अनोळखी शिकारी भेटले. थेनच्या पाठीवरची शिंगं पाहून ते धावत आले.

"बाप रे, राजाच मारलास की! इकडे बघ, फोटो काढतो. एका बाणात?"

काका ट्रकच्या पाठीमागे दोरी आवळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

"दोन," थेन म्हणाला. "पहिला सातला, दुसरा दोनच्या पुढे. मधल्या वेळात मी बाण लपवून बसलो होतो."

त्या माणसाने फोन खाली घेतला.