काचेवरचं पिल्लू

मोर्चातली पोरं कोनरादाला नानाय म्हणत, म्हणजे आईच. नशेखोर ठरवून पोलिसांनी ज्यांना गोळ्या घातल्या, त्यांच्यासाठी ती सहा वर्षं घसा फोडून ओरडत होती. आज संघटनेची मारिलू माहिती लिहून घ्यायला तिच्या घरी आली होती.

"नानाय, शेवटचा प्रश्न. चळवळीत का आलात?"

"माझ्या पोराला, रोमेलला मारलं म्हणून. आणखी काय?"

"ते सगळेच सांगतात हो."

"मग लिही, हौस होती म्हणून!" कोनरादा उखडली. भिंतीवर रोमेलचा फोटो होता. कोनरादा त्याच्याकडे पाठ करून बसली.

"खून झालेल्याच्या शवपेटीला वरून काच असते, तिच्यावर आपण कोंबडीचं पिल्लू ठेवतो ना? ते काचेवरचे दाणे टिपतं, तशी खुन्याच्या मनाला टोचणी लागते म्हणतात. पेटी घरात होती ते पाचही दिवस मी पिल्लू ठेवलं. गोळी झाडणारा शिपाई मात्र पुढच्याच आठवड्यात नाक्यावर हसत हसत शेवया ओरपत होता."

"म्हणजे सगळं खोटंच की."

"खोटं कसं? पोलीस वस्तीतल्या नशेखोरांची यादी करत होते, तेव्हा रोमेलचं नाव मीच जाऊन दिलं. वाटलं, दम देतील, पोरगं ताळ्यावर येईल." तिने छातीवर मूठ दाबली. "पिल्लू बरोबर जागी टोचतंय गं. मोर्चात ओरडते ना, तेवढा वेळच काय ते थांबतं."