चौथ्या कपाची चिठ्ठी

साहेबांनी चष्मा सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि छापील पान डोळ्यांजवळ धरलं. 'राष्ट्रीय कप जिंकून देणारे प्रशिक्षक' असं वर ठळक अक्षरांत होतं आणि खाली पहिल्याच ओळीत त्यांचं नाव. पुढे आकडा, चार. दुसऱ्या ओळीतल्याचे तीन. तो दुसऱ्या ओळीतला माणूस वारून सात वर्षं झाली होती, तरी त्याला एका कपाने मागे टाकल्याचं समाधान साहेबांना अजून रोज नव्याने व्हायचं.

"आता सही करून मोकळे व्हा," बायको चहा ठेवत म्हणाली. "तीनदा वाचून झालं. आकडा काही वाढायचा नाही."

समोरच्या खुर्चीत फुटबॉल महासंघाच्या इतिहासाचं पुस्तक तयार करणारी संपादक बाई बसली होती. तिने फाईल उघडली.

"एकाच ठिकाणी अडलंय, सर. चौथी फायनल. तुमच्यावर त्या सामन्यापुरती बंदी होती. संघाच्या कागदावर सही आहे ती तुमच्या सहायकांची. तुम्ही वरून चिठ्ठी पाठवून सामना फिरवलात, असं तुम्ही दोघांनी लिहून दिलं, तर तो कप तुमच्या नावावर राहतो."

"मग त्यात अडलं कुठे? सगळ्या गावाला पाठ आहे ते."

गावालाच कशाला, बायकोलाही पाठ होतं. सेमीफायनलला रेफरीच्या अंगावर धावून गेल्यामुळे साहेब प्रेक्षकांत. हाफटाइमला संघ दोन गोलांनी मागे. मग मालिश करणाऱ्याच्या हाती खाली चिठ्ठी, आणि त्यानंतर लागोपाठ तीन गोल. सव्वीस वर्षं साहेब हे रंगवून सांगत आले होते. चिठ्ठीत काय होतं असं कुणी विचारलंच, तर 'ते आमचं गुपित' म्हणून मिशीत हसायचे.

"सहायकांकडे कालच जाऊन आले," बाई म्हणाली. "त्यांनी लिहून दिलंय. चिठ्ठीतला मजकूरसुद्धा."

"धाकट्याने?"

हे नाव साहेबांनीच पाडलेलं. बावीस वर्षं बाकावर त्यांच्या शेजारी बसलेला माणूस. साहेब निवृत्त झाले, तो दुसऱ्या शहरात गेला, आणि फोन करायचं आज-उद्या करत राहूनच गेलं.

बाईने वाचून दाखवलं. "'डावा विंगर उजवीकडे ने. मागचा एक काढ, पुढे एक वाढव. हरलो तर माझ्यावर ढकल.'"

"शेवटचं वाक्य काही यांच्या तोंडचं वाटत नाही हो," बायको म्हणाली.

साहेब हसले नाहीत. त्यांनी लिहिलं होतं ते एवढंच: 'सगळ्यांना मागे घे. आणखी गोल नकोत. अब्रू वाचव.' आणि ते लिहून ते सरळ उठून बाहेर गेले होते. संघाच्या रिकाम्या बसमध्ये जाऊन बसले होते. मैदानातून तीनदा ओरडा ऐकू आला आणि तिन्ही वेळा त्यांना वाटलं, आपल्यावरच झाला. चिठ्ठी मालिशवाल्याने वाटेत हरवली असणार, अशी त्यांनी पुढे स्वतःची समजूत घालून घेतली. धाकट्याला विचारायची मात्र कधी छाती झाली नाही.

"त्याचा नंबर आहे तुमच्याकडे?"

बाईने फोन लावून त्यांच्या हातात दिला.

"साहेब?" पलीकडचा आवाजही आता म्हातारा झाला होता. "तब्येत बरी ना?"

"बरी आहे. धाकट्या, ती चिठ्ठी तुला मिळाली होती?"

"मिळाली होती."

"वाचलीस?"

"वाचली. दोनदा वाचली."

"मग हे भलतंच काय लिहून दिलंस?"

"भलतं नाही, साहेब. त्या दिवशी तुमचा धीर सुटला होता. सुटतो माणसाचा. मी म्हटलं, एरवी साहेबांनी काय लिहिलं असतं? तेच केलं. तेच काल लिहून दिलं."

साहेबांना भरून आलं आणि त्याहून जास्त लाज वाटली. सव्वीस वर्षं हा माणूस आपली लाज झाकून बसला होता आणि आपण त्याला एक फोन केला नव्हता. बायको त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी फोन कानाशी तसाच धरून दुसऱ्या हाताने पान जवळ ओढलं, चार खोडले आणि तीन केले. बाई काही बोलणार, तेवढ्यात बायकोने तिला नजरेनेच थांबवलं.

खाली नवी ओळ लिहायला त्यांनी पेन टेकवलं आणि ते तिथेच राहिलं. यादीत सगळ्यांची नावं वडिलांच्या नावासकट, पूर्ण होती. साहेब कुठे अडले ते बाईच्या लक्षात आलं. ती फाईल पुढे करू लागली. साहेबांनी मान हलवून नको म्हटलं.

"तुझं पूर्ण नाव सांग," ते फोनवर म्हणाले.

"कशाला, साहेब?"

"सांग ना. बावीस वर्षांत कधी विचारलंच नाही मी."

पलीकडचा म्हातारा खाकरला. मग शाळेत नवीन मुलगा सांगतो तसं, आधी स्वतःचं, मग वडिलांचं, मग आडनाव, असं सावकाश सांगत गेला, आणि साहेब एकेक अक्षर लिहून घेत गेले.